भागूमावशीचा फोटू

भागूमावशी दुकानात शिरली की दुकानदार आधी तराजूची दोन्ही पारडी उलटी करून दाखवायचा. नाही दाखवली तर ती स्वतः खाली वाकून पारड्याच्या बुडाला चिंच चिकटवलीय का ते चाचपायची, आणि मागची गिऱ्हाइकं खोळंबायची. रॉकेल घेतलं तर आधी हुंगायची. एस.टी.त कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं की, वाचता येत नव्हतं तरी, शेजारच्या बाईचं तिकीट मागून घ्यायची आणि दोन्हींवरची भोकं जुळतात का ते बघायची. आमच्या हट्ट्याहून वसमतला जाणाऱ्या गाडीचे कंडक्टर तिला ओळखून होते. एक जण तर तिकीट देतानाच म्हणायचा, "मावशी, भोकं बराबर हायेत, बसा आता."

लोक तिला शंकेखोर म्हणत. मला त्या लोकांचा अजून राग येतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे आम्ही मास्तर लोक वर्गात मोठ्या हौसेनं शिकवतो. तसा माणूस शेजारी असला की मात्र त्याच्या फुंकण्याला हसतो.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. माझी आई आणि ती दोघी साखऱ्याच्या, दोघी हट्ट्याच्या बौद्धवाड्यात सुना म्हणून आल्या, घरंही भिंतीला भिंत लागून. म्हणून मावशी. तिचा नवरा जळबा अंगानं धिप्पाड आणि तोंडानं मुका म्हणावा इतका गरीब. तरणा असताना तो वसमतला कापसाच्या जिनिंगवर कामाला होता. तिथं यंत्रात उजव्या हाताची बोटं गेली. तेव्हापासून जड वस्तू त्याला धरता यायची नाही, म्हणून तो ती छातीनं रेटायचा. चिखलात रुतलेली गाडी असो, विहिरीतून काढलेला दगड असो, जळबा खाली वाकायचा, छाती लावायचा आणि रेटायचा. हातावर घट्टे पडलेली माणसं आमच्या वाड्यात घरोघर होती. छातीवर घट्टे पडलेला मात्र मी तो एकच पाहिला.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा गावाच्या वरच्या अंगाला, खडकाळ माळावर, तलावाचं काम निघालं. अर्धा गाव तिथं जायचा. सगळे सारखेच भुकेले होते, त्यामुळं कुणी कुणाला लाजत नव्हतं. मुकादम होता गावातलाच माणिकराव, थोडी बरी शेती असलेला. त्याच्यावर एक ओव्हरसियर होता, परमुलखातला. उन्हाचा त्याला फार त्रास. कडुलिंबाचा पाला डोक्याला बांधून तो कडेला उभा राहायचा, आणि माणिकराव त्याच्या बाजूला.

पुढच्या उन्हाळ्यात भागूमावशीची आई आजारी पडली. मावशी साखऱ्याला गेली. परत आली तेव्हा घराला बाहेरून कडी होती आणि जळबा नव्हता.

माणिकरावानं सांगितलं, की तो दुपारच्याला काम टाकून गेला, कंटाळला असेल. कामावरच्या बाकी माणसांना विचारलं तर ती म्हणाली, आम्ही बाभळींखाली सरकारी सुकडी खात बसलो होतो, परत आलो तर जळबा नव्हता. पाऊस पडला, काम संपलं, तरी जळबा आला नाही. मग माणिकरावानं दुसरी गोष्ट सांगितली. कुणीतरी त्याला सेनगावच्या बाजारात पाहिला, संगट एक बाई होती म्हणे.

ही बातमी मावशीला सांगायला बायकांचा घोळकाच आला. रडेल, छाती पिटेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मावशीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सेनगावच्या बाजारात? आमच्या साखऱ्याचा बाजार त्योच. जावई मानसाला तिथं कुत्रंबी वळखतं. दुसरी बाई करनारा तिला सासुरवाडीच्या बाजारात मिरवील व्हय गं?"

घोळका पांगला. खरं तर संपूर्ण गावाला हा प्रश्न पडायला हवा होता, पण पडला एकटीला. आणि शंकेखोर ठरली तीच.

त्या दिवसापासून तिनं एकच ध्यास घेतला. जळबा जिता आहे की मेला, हे तिला कळायला हवं होतं. कुंकू तिनं पुसलं नाही. आमच्या वाड्यात वंदना घ्यायला कोंडीबाआजा असायचा. छप्पन साली घरोघरचे देव गोळा करून नदीत सोडणारा तो माणूस, सगळे त्याला वचकून. त्यानं तिला समजावलं, की बाई, त्याच्या नावानं जलदान करून टाक, मन मोकळं होईल.

"मेल्याची खातरी कुटं हाय?" मावशी म्हणाली. "जित्या मानसाच्या नावानं पानी देऊ?"

"न्हाई दिलं तर लोकं नावं ठिवतात गं."

"ठिवू द्या. लोकाईला दुसरं काम काय हाय?"

आणि मग तिनं असं काही केलं की सगळा वाडा चक्रावला. ती माणिकरावाच्याच रानात मजुरीला जाऊ लागली. तलाव झाल्यावर त्याच्या विहिरीला पाणी वाढलं होतं आणि त्यानं हळद लावली होती. निंदायला, खणायला, शिजवायला बाया लागायच्या. माझी आई तिला म्हणाली, ज्याच्यावर तुझा संशय त्याच्याच दारात जातीस? मावशी म्हणाली, "नजरंखाली बरा. लांब ऱ्हायला तर मला काय कळंल?"

ती अशी पाळत ठेवून पाच वर्षं राबली. काय दिसलं म्हणून मी विचारलं तर सांगायची, "त्यो समद्याची नावं घेतो. मेल्यांची घेतो, पळून गेलेल्यांची घेतो. जळबाचं नाव तोंडातून निंगत न्हाई. काहून?"

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला ती वसमतच्या बाजाराला गेली होती. तिथून सुकट आणली. ती बांधून दिली होती एका मोठ्या, जाडसर, गुळगुळीत कागदात. निजामाच्या वेळच्या कुण्या अंमलदाराची पुस्तकं रद्दीत निघाली होती, त्यातलं ते पान. मावशीनं घरी येऊन पुडा सोडला, सुकट टोपल्यात ओतली, आणि कागद चुलीत सारणार तेवढ्यात तिचा हात थांबला.

त्या पानावर एक चित्र होतं, काळ्या शाईचं. उंच कड्याखाली एक मोठा खड्डा. त्यात उघडी माणसं, पिळदार पाठींची, भल्यामोठ्या दगडांना छाती लावून रेटताहेत. माना खाली, तोंडं दिसत नाहीत. काही जण दगडाखाली अर्धे गेलेले. आणि वरच्या अंगाला, खडकावर, अंगभर कपडे घातलेले दोघं नुसते उभे. एकाच्या डोक्याला पाला गुंडाळलेला. दुसऱ्यानं कानांवरून फडकं बांधलेलं, आणि नाक पोपटाच्या चोचीसारखं.

माणिकरावाचं नाक तसंच होतं. हे मला कबूल करावंच लागेल.

मावशीनं तो कागद पत्र्याच्या पेटीत ठेवला. दिवसातून एकदा काढायची, दार अर्धं लोटून उजेडाला धरायची, बराच वेळ बघायची, पुन्हा ठेवायची. आमच्या वाड्यात अर्धं लोटलेलं दार ही फार मोठी बातमी. कुणी म्हणालं, हिनं करणी शिकली. कुणी म्हणालं, हिनं जुना देव परत आणला. दुसरं ऐकून कोंडीबाआजा काठी टेकत निघाला. पाणी प्यायचं निमित्त करून तिच्या घरात बसला आणि चहूकडं बघू लागला. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, बाकी काही नाही.

"पेटीत काय हाय?" त्यानं शेवटी विचारलंच.

मावशीनं कागद काढला, पण हातातून सोडला नाही. आजानं वाकून पाहिलं आणि मागं सरला. "अगं, हे तर यमाचं घर हाय!"

"आजा, तुमीच म्हनलात ना यम-बिम काय नसतो म्हनून? तुमच्यातला गेला न्हाई का आजून?"

आजा काठी उचलून निघून गेला. संध्याकाळी मात्र तो माझ्याकडं आला. मी तेव्हा गावच्याच शाळेत मास्तर होतो, आणि चित्राखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. "बाळ, ते काय हाय ते वाचून सांग तिला. डोक्यात भलतंच घिऊन बसली."

मी गेलो. मावशीनं मला चित्र दाखवलं आणि बोट ठेवलं, अगदी पुढच्या माणसावर. रुंद पाठ, मध्ये खोल पन्हळ, छाती दगडाला भिडलेली.

"ह्यो कोन?"

काय सांगू? पाठ खरंच जळबाकाकाची वाटत होती.

"तळ्याचं काम हाय हे," ती म्हणाली. "कुनीतरी फोटू काढला. ह्यो पाला बांधलेला सायेब. ह्यो मुकादम. आन् ह्यो आमचा ह्यो."

"मावशी, ही माणसं पार उघडी आहेत."

"त्या उन्हात कोन सदरा घालून खंदकात उतरत होतं?"

खालच्या इंग्रजी ओळींतले शब्द मला नीट लागेनात. उंटावरचा शहाणा होण्यापेक्षा जाणत्याला विचारलेलं बरं, म्हणून म्हटलं, कागद दे, वसमतच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना दाखवून आणतो. मावशीनं कागद छातीशी धरला.

"तू बदलून आनशील."

"मी? मी काहून बदलीन?"

"तू न्हाई बदलनार. तुला कुनी बदलून दील."

शेवटी आम्ही दोघं गेलो. सरांच्या खोलीत मावशी उभीच राहिली, कागद दोन्ही हातांत ताणून धरलेला, आणि सरांनी वाकून, चष्मा वर-खाली करत, तिच्या हातातच तो पाहिला. भला माणूस. जराही चिडला नाही. उलट हरखून गेला. सर म्हणाले, हे आपल्याकडं कसं आलं? सातशे वर्षांपूर्वी इटलीत एक कवी होऊन गेला. माणूस मेल्यावर जिथं जातो त्या सगळ्या मुलखांतून तो जिवंतपणी हिंडून आला, अशी कल्पना करून त्यानं एक थोरलं काव्य लिहिलं. त्यातल्या नरकाचं हे चित्र. हे दोघं उभे आहेत ना, एक तो कवी आणि दुसरा त्याला वाट दाखवणारा. आणि खाली रेटताहेत ते पैशाचे लोभी. काही साठवून ठेवणारे, काही उधळणारे. जन्मभर जे केलं त्याची शिक्षा म्हणून ते कायम दगड रेटत राहतात आणि एकमेकांवर आदळतात.

मी मावशीसाठी ते आपल्या भाषेत पुन्हा सांगितलं. तिनं सरांकडं बघितलं.

"सायेब, तुमी तिथं गेलता?"

"इटलीला? नाही हो."

"नरकात."

"नाही," सर हसले.

"मग तुमाला काय म्हाईत?"

सरांनी शांतपणे समजावलं, की बाई, हा फोटो नाही. आधी चित्र काढायचं, मग ते लाकडाच्या ठोकळ्यावर बारीक हत्यारानं कोरायचं, मग शाई लावून छापायचं. ह्या रेषा बघा, जवळ जवळ कोरलेल्या. मावशीनं रेषा बघितल्या. बोटानं चाचपल्या. तिला पटलंय असं मला वाटलं.

"कोरनाऱ्यानं कुनाला तरी बगून कोरलं आसंल ना?" ती म्हणाली. "बगितल्याबिगर पाठ अशी येत न्हाई."

सरांनी चहा पाजला आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आले.

परतीच्या गाडीत तिनं आधी माझं तिकीट मागून भोकं जुळवली. मग म्हणाली, "त्या सरला मुकादमानं फितवलं नसंल. पर त्याचं खरं न्हाई. तूच सांग, जळबानं काय साठवलं? उधळायला तरी काय होतं त्याच्याजवळ? मग त्यो कशापायी दगूड रेटील?"

"मावशी, तो जळबाकाका नाही म्हणूनच तर."

"तुलाबी कुनी काय पाजलं का?" असं म्हणून तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मला माझाच संशय यायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. कुठं म्हणून विचारायची गरज नव्हती. मी शाळेत निरोप धाडला आणि तिच्या मागं गेलो. चारचौघांत हसं झालं तर तिला घरी आणावं, एवढाच माझा बेत होता. बौद्धवाड्यातली बाई, हातात रद्दीचा कागद घेऊन, पाटलांच्या बरोबरीनं बसणाऱ्या माणसाला जाब विचारायला निघाली होती. हसण्यावर निभावलं तर नशीब, असंही मनात होतं.

माणिकरावाच्या रानात हळद शिजत होती. कढईवर ओली पोती झाकलेली, खाली पालापाचोळा घातलेला, धुरानं डोळे उघडत नव्हते. माणिकराव बाजेवर बसला होता. आता तो थकला होता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उशाला ट्रान्झिस्टर. ते दिवसच तसे होते. दिल्लीतलं सरकार बदललं होतं आणि रेडिओवर रोज कुठल्या ना कुठल्या चौकशीची बातमी असायची. कोण कधी कशात सापडेल ह्याचा नेम नव्हता, निदान ऐकणाऱ्याला तसं वाटायचं.

"रामराम मालक," मावशी म्हणाली. "एक चीज दाखवायची व्हती."

तिनं कागद त्याच्यासमोर धरला. त्यानं तो हातात घ्यायला हात पुढं केला, तिनं दिला नाही. मग तो वाकला. डोळे बारीक करून, नाक कागदाला टेकेल इतका जवळ गेला. धूर मध्ये येत होता. त्यानं ट्रान्झिस्टर बंद केला.

मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. आता म्हणेल, हे काय आणलं गं येडे. आता हसेल. तो हसला नाही. त्याचा खालचा ओठ लोंबल्यासारखा झाला.

"ह्यो फोटू कुनी काढला?" त्यानं विचारलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या सकाळी भर उन्हात पाहिलं.

मावशीनं कागद तसाच धरून ठेवला. "कुनी काढला ते इचारता मालक? कुटला हाय, कुनाचा हाय, ते न्हाई इचारत?"

माणिकरावानं माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, तिथं कुनी फोटूवाला आला नव्हता. कसा येईल? समदे जेवाय गेलते. ह्यो फोटूच हाय का?"

मला एका शब्दात सगळं निस्तरता आलं असतं. इटली, कवी, लाकडाचा ठोकळा. मी म्हणालो, "मुकादम, तुम्हीच नीट बघा." ते बोललो म्हणून मला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही आणि आजही होत नाही.

त्यानं पुन्हा बघितलं, आणि मग बाजेवर टेकला. कढईजवळच्या बायांना त्यानं हातानंच लांब जायला सांगितलं.

"चौकशी लागली का?" तो हळूच म्हणाला.

"ते मी न्हाई सांगनार," मावशी म्हणाली. "तुमी सांगा."

मग त्यानं सांगितलं. बांधाच्या पायाचा खंदक खोल गेला होता. त्याची एक बाजू भुसभुशीत होती, हे त्याला आणि साहेबाला दोघांनाही माहीत होतं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर माणिकरावानं जळबाला खाली पाठवलं, राहिलेले टिकाव आणि घमेली वर काढायला. एका मोठ्या दगडाखाली टिकाव अडकला होता. जळबानं त्या दगडाला छाती लावली. दगड हलला आणि वरची दरड खाली आली. हे दोघं कडेला उभे होते.

"मी उडी घेत होतो," माणिकराव म्हणाला. "सायबानं धरलं. म्हनला, गवगवा झाला तर काम बंद पडंल. एवढी मानसं उपाशी मरतील. आदी माती टाका म्हनला. मानसं जेवून आली तवा आमी सांगितलं, ह्या बाजूला भराव घ्या. त्यांनी काळी माती टाकली. धुम्मस घालून दाबली."

म्हणजे आमच्याच माणसांनी ती माती टाकली होती. जळबाकाकाच्या शेजाऱ्यांनी. माझ्या बापानंही.

मावशीचा चेहरा कोरडा होता. तिनं कागदाची घडी घातली.

"वरडला का त्यो?"

माणिकराव कढईकडं बघत राहिला. पोत्याखालून वाफ येत होती.

"मालक, मी इचारून राहिले. माती टाकली तवा वरडत होता का?"

"मास्तर," तो मला म्हणाला, "तुमी हिला घरी घिऊन जा."

मावशीनं पुन्हा विचारलं नाही. तिला उत्तर मिळालं होतं आणि मलाही. आयुष्यभर प्रत्येक शब्द खरवडून बघणाऱ्या त्या बाईनं हे मात्र जसंच्या तसं घेतलं. मला वाटत होतं, ती म्हणेल, हा खोटं बोलतोय. मी मनातून तिला विनवत होतो, की मावशी, एवढ्यावर तरी विश्वास ठेवू नको.

"कुटल्या अंगाला?" तिनं फक्त एवढंच विचारलं.

तो काठी टेकत आमच्याबरोबर वर आला. बांध लांबच्या लांब पसरलेला. त्यानं आधी मधल्या भागाकडं काठी केली. मग म्हणाला, "न्हाई, सांडव्याकडं आसंल." मग पुन्हा अलीकडं दाखवलं. त्यावर किती माती पडली, किती मुरूम, किती दगड. त्याला सांगता येईना, आणि ह्यात तो खोटं बोलत नव्हता.

वाड्यातून त्या रानांकडं यायची वाट बांधावरूनच होती. वर गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या, शेळ्यांच्या लेंड्या, वैरणीच्या काड्या. समोरून दोन बाया डोक्यावर भारे घेऊन गप्पा मारत येत होत्या. मावशीही पाच वर्षं रोज जाता-येता ह्याच वाटेनं चालली होती. उन्हाची दमली की इथंच कुठंतरी बसून तिनं भाकर खाल्ली होती. तिनं पायांतल्या वहाणा काढल्या, हातात घेतल्या, आणि बांधाच्या उतारावरून, पाय घसरत, खाली उतरली.

पुढं जे व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी माणिकरावानं कानावर हात ठेवले, म्हणाला, मी काहीच बोललो नाही, मास्तरच्या मनचं आहे. मावशी म्हणाली, बांध उकरा. तलावामुळं ज्यांच्या विहिरींना पाणी आलं होतं ते सगळे म्हणाले, बाई, उकरलेला बांध पावसाळ्यात फुटला तर गाव जाईल. कोंडीबाआजा आणि मी तालुक्याला खेटे घातले. तिथल्या एका कारकुनानं विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, मुकादमानं फोटो बघून कबुली दिली. तो म्हणाला, मग फोटो दाखवा. आजानं माझ्याकडं बघितलं, मी आजाकडं. आम्ही उठून आलो. त्या खुर्चीवरच्या माणसाला इटलीतला नरक दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

मावशीनं कुंकू स्वतःच्या हातानं पुसलं. जलदान झालं, सगळा वाडा जेवला. माझ्या बापानं त्या दिवशी घास घेतला नाही. अंगणाच्या कडेला पाठ करून बसला आणि हुंदके देऊन रडला, आणि मावशीनंच त्याला पाणी नेऊन दिलं.

माणिकरावाच्या रानातलं काम तिनं सोडलं. पण पोट होतं, त्यामुळं पलीकडच्या दुसऱ्या रानांत जावंच लागे. ती बांधाच्या वाटेनं मात्र कधीच गेली नाही. बांधाच्या खालून जायची, जिथं पाझरून कायम चिखल असे आणि बाभळीचे काटे पडलेले असत. पावसाळ्यात तर घोट्याच्या वरपर्यंत पाय रुतायचा. डोक्यावर भारा असला तरी तसंच. वाड्यातल्या बायांनी आधी तिला वरून हाका मारल्या. मग एकेक जण तिच्या मागं खालून यायला लागली.

माझं लग्न होऊन बायको घरात आली तेव्हा तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा मावशीबरोबर रानातून येताना, भर पावसाळ्यात, ती चिखलात पडली. उठून लुगडं पिळत म्हणाली, "मावशी, वर बांधावर एवढी चांगली वाट हाय. काहून ह्या चिखलातून चालायचं?"

मावशीनं तिचा भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला.

"वर कुटं पाय पडंल," ती म्हणाली, "काय भरवसा?"